नाव आधी ऐकू येतं, माणूस नंतर

दीपकळी

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच.

दीडेक वर्षापूर्वी एका अनोळखी नंबरवरून मला एक आवाजी संदेश आला. आवाज खरखरत होता, मागे गोंगाट होता. कुणी बाई बोलत होती. वयस्कर, दमलेली, दम जरा लागलेला. म्हणत होती, "जमलं तर ये. नाही जमलं तरी चालेल, मी बघते माझं." ऐकून मला आत कसंसं झालं. कुणाला तरी बोलवायचंय, पण त्याच्यावर ओझं टाकायचं नाही, असं काहीतरी त्या आवाजात होतं. संदेश चुकून माझ्याकडे आलाय, ज्याचा आहे त्याच्यापर्यंत पोचायला हवा, असंही वाटून गेलं.

मग ती बाई खोकली आणि त्या खोकल्यावरून मी तिला ओळखलं. माझी ताई. तिचा फोन बिघडला होता म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बोलत होती.

मी संदेश पुन्हा लावला. शब्द तेच, खरखर तीच. पण या वेळी मला ऐकू आला तो टोमणा. "मी बघते माझं", म्हणजे तुला कुठे काय पडलंय! छातीत नेहमीची गाठ आली, उत्तरही तयार झालं. मग तिसऱ्यांदा लावला, मुद्दाम, त्या अनोळखी बाईला परत शोधायला. ती काही सापडली नाही.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमच्यात बरंच काही होऊन गेलंय आणि ती टोमणे मारते हे मी हवेतून काढलेलं नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की कितीतरी वर्षं ती बोलायच्या आधीच माझ्या मनातली ताई बोलून मोकळी होतेय. माझं भांडणही तिच्याशीच चाललंय आणि अबोलाही तिच्याशीच. खरी ताई मधल्या मध्ये म्हातारी झाली, ते मला एका खराब रेकॉर्डिंगमधून कळलं. हे लिहितानाही घसा दाटून येतो.

तेव्हापासून मी हे रोज बघतेय. सुरुवात आवाजांपासून केली, कारण माणसांवर एकदम जमेना. डोळे मिटून बसायचं आणि आवाज येतो तो आणि त्याचं नाव येतं ते, यांच्यामध्ये काही आहे का ते बघायचं. आहे. फार बारीक आहे, पण आहे. आधी नुसतं काहीतरी कानावर येतं, लगेच "दार" किंवा "गाडी" असं त्यावर बसतं, आणि पाठोपाठ "किती हा आवाज, शांत बसू देत नाहीत". पहिलं आणि तिसरं यांच्यात केवढं अंतर आहे, तरी एरवी ते सगळं मिळून एकच वाटतं.

माणसांच्या बाबतीत शरीर लवकर सांगतं असं दिसलं. मनात "ताई" हे नाव उमटायच्या आधी माझा जबडा आवळलेला असतो. आता तो आवळला की मला कळतं, आली, आतली ताई आली. कधीकधी तेवढ्यावर ती बाजूला होते. पुष्कळदा होत नाही.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. मध्यंतरी एक ओळखीची बाई तिच्या सासूबद्दल काही बोलत होती आणि माझ्या मनात आलं, "ही अजून प्रतिमांमध्येच अडकलीय." दुसऱ्या क्षणी धस्स झालं. तिच्यावर मी केवढी मोठी चिठ्ठी चिकटवली होती! आणि स्वतःवरही एक, "प्रतिमांच्या पलीकडे बघणारी" अशी.

तुमच्यापैकी कुणी या वाटेने गेलंय का? नाव कधी गळून पडतं का? की ते राहतंच आणि आपण त्याच्या बाजूने बघायला शिकतो?

---

काठावर

तो संदेशाचा प्रसंग वाचून थांबलो. माझ्या वडिलांना मी शेवटची दहा वर्षं "हट्टी" या एका शब्दातून बघितलं. आता ते नाहीत. एवढंच.

---

उत्तरायण

दीपकळी, तुमचा अनुभव वाचताना योगसूत्रांतली एक जागा आठवली. पहिल्या पादात चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्यात: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. यातल्या विपर्यय आणि विकल्प या दोन आपण नेहमी एकच समजतो, पण त्यांच्यातला फरक इथे फार कामाचा आहे.

दोरीवर साप दिसणं हा विपर्यय. दिवा आणला की साप जातो आणि पुन्हा येत नाही. तुमच्याकडे मात्र दिवा आधीच लागला होता. वाक्य तुम्ही नीट ऐकलं होतं, त्यातली माया तुम्हाला कळली होती. तरी नाव समजल्यावर टोमणा परत आला आणि तिसऱ्या वेळी मुद्दाम ऐकूनही हटला नाही. म्हणून याला विपर्यय म्हणता येत नाही. नववं सूत्र असं आहे: शब्दज्ञानानुपाती वस्तुशून्यो विकल्पः. शब्दाच्या मागून चालत येणारं, पण त्याच्या जागी वस्तू नसलेलं ज्ञान, तो विकल्प.

या सूत्रांवरच्या जुन्या विवरणात, व्यासभाष्यात, उदाहरण दिलंय: "चैतन्य हे पुरुषाचं स्वरूप." पुरुष म्हणजे इथे आत्मा. आता चैतन्य म्हणजेच जर पुरुष, तर कुणाचं काय? वस्तू एकच, पण "चं" या प्रत्ययाने दोन उभ्या केल्या. आणि खरी मेख ही, की हे समजल्यावरही आपण तसंच बोलत राहतो. विकल्प खोटा ठरून निघून जात नाही, कारण त्याच्यावाचून बोलताच येत नाही.

"ताईचा टोमणेखोर स्वभाव" हे घ्या. अमुक दिवशी ताई एक वाक्य बोलल्या, तमुक दिवशी दुसरं. झालं ते एवढंच. त्या सगळ्याची मोट बांधून भाषेने "स्वभाव" नावाची एक वस्तू बनवली आणि षष्ठी लावून ती ताईंपाशी कायमची ठेवून दिली. मग वाक्य कुठलंही येवो, ते त्या वस्तूतूनच आल्यासारखं ऐकू येतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की नाव गळून पडायची वाट बघू नये. पुढे बेचाळिसाव्या सूत्रात शब्द, अर्थ आणि ज्ञान यांची सरमिसळ सांगितलीय. भाष्यकार गाईचं उदाहरण घेतात: "गाय" हा शब्द वेगळा, समोरचं जनावर वेगळं आणि मनातलं गाईचं ज्ञान वेगळं, पण तिन्ही एकच असल्यासारखी आपल्याला भेटतात. आवाजांवर तुम्ही जे करताय ते हे तिन्ही धागे सुटे करणंच आहे. ते सुटे दिसले की शब्द जागेवर राहूनही आड येत नाही.

---

चांदणवेल

वाचतेय. खूप जवळचा विषय.

---

पानगळ

मी वेगळं लिहिणार आहे. धाग्याचा सूर मोडत असेल तर माफ करा, पण हे लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी ज्या माणसाबरोबर बारा वर्षं राहिले, तो मला मारायचा. त्या काळात मी मन शांत व्हावं म्हणून एका सत्संगात जात होते. तिथल्या एका ज्येष्ठ बाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तू त्याच्यावर शिक्का मारून बसलीयस. कालचा माणूस काल गेला. त्याला रोज नव्याने बघ." मी त्यांचं मनापासून ऐकलं. रोज नव्याने बघितलं आणि रोज नव्याने मार खाल्ला.

ज्या दिवशी मी मनातल्या मनात "हा हिंसक माणूस आहे" हे वाक्य पहिल्यांदा पूर्ण म्हटलं, मध्येच न तोडता, त्या दिवशी मी पिशवी भरली आणि निघाले. त्या एका नावाने मला वाचवलं. म्हणून नावांच्या पलीकडे बघा असं कुणी म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो. कुणाला सांगताय, ती कुठल्या घरात राहतेय, हे माहीत असल्याशिवाय असं सांगू नका.

---

दीपकळी

पानगळ, बराच वेळ काय लिहावं कळलं नाही. तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. पहिल्या पोस्टमध्ये मी हे म्हणायलाच हवं होतं. माझ्या गोष्टीत ताई मला इजा करू शकत नव्हती, दुखवू शकत होती फक्त. तो फरक मी लिहिला नाही.

---

उंबरठा

पानगळ, तुमच्या अनुभवाला मी काही शिकवायला आलेलो नाही. तुमच्या लिहिण्यात मला जे दिसलं ते सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या.

त्या बाईंनी तुम्हाला शिक्का काढायला सांगितला असं वरवर दिसतं. पण त्यांनी एक दुसराच शिक्का हातात दिला: "मुळातला चांगला माणूस." रोज नव्याने बघा, पण त्यात चांगलाच दिसला पाहिजे, अशी ती अट होती. ती प्रतिमाच. गोड आहे म्हणून तिला कुणी प्रतिमा म्हणत नाही. समोर जे घडत होतं, हात उगारला जात होता, ते त्या प्रतिमेमुळेच दिसत नव्हतं. ज्या दिवशी तुम्ही ते वाक्य पूर्ण म्हटलंत त्या दिवशी तुम्ही प्रतिमा काढून माणूस बघितलात, असं मी म्हणेन. या सगळ्या धाग्यात पलीकडे बघण्याचं सगळ्यात खरं उदाहरण तुमचं आहे.

मला स्वतःला हे उशिरा कळलं. वाईट प्रतिमा सोडणं त्या मानाने सोपं, कारण त्या टोचतात. आवडत्या माणसाची, गुरूची आणि स्वतःची चांगली प्रतिमा कुणी हलवली की आपण चवताळतो. मी पंधरा वर्षं ध्यान करत होतो आणि त्या काळात माझ्या बायकोला मी घरात असून नसल्यासारखा होतो. तिने ते तोंडावर सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं? "हिला साधना कळत नाही." माझ्या मनातल्या साधकाला वाचवायला मी तिला अडाणी ठरवलं. त्यानंतर आठवडाभर मी बसूच शकलो नाही, आणि तो आठवडा माझ्या पंधरा वर्षांतला सगळ्यात कामाचा होता.

---

पानगळ

उंबरठा, हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

---

उत्तरायण

पानगळ यांच्या मुद्द्याला जोडून एक खुलासा, कारण माझ्या आधीच्या प्रतिसादाचा चुकीचा अर्थ निघू नये. त्रेचाळिसाव्या सूत्रात "स्मृतिपरिशुद्धी" असा शब्द आहे. तिथे धुतली जाते ती शब्दसंकेताची आठवण, म्हणजे अमुक शब्द म्हणजे अमुक वस्तू ही सवय. घडलेल्या घटना विसरा असं ते सूत्र सांगत नाही. शिवाय ते समाधीच्या एका अवस्थेचं वर्णन आहे. घरातल्या माणसांशी कसं वागावं याचा नियम म्हणून ते कुणाच्या माथी मारणं हा दोघांवरही अन्याय, सूत्रावर आणि त्या माणसावर.

---

रेघोटी

मी चित्रकला शिकवते. तुम्ही सगळे ज्याबद्दल बोलताय ते मला वर्गात दर आठवड्याला कागदावर दिसतं, म्हणून लिहिते.

नव्या विद्यार्थ्याला समोरच्या माणसाचा डोळा काढायला सांगितला, की तो बदामासारखा आकार काढतो, मधोमध एक गोल आणि वर पापण्यांच्या रेषा. समोरच्याचा डोळा तसा नसतो. वरची पापणी खाली आलेली असते, बुबुळाचा अर्धा भाग झाकलेला असतो, एका कोपऱ्यात नुसती सावली असते, रेष नसतेच. पण तो समोर बघतच नाही, "डोळा" या शब्दाचं चित्र काढतो.

यावर एक जुना उपाय आहे. नक्कल करायचं चित्र उलटं ठेवायचं. उलटं ठेवलं की नाक नाक राहत नाही, नुसत्या रेषा आणि कोन उरतात, आणि तोच विद्यार्थी त्याच दिवशी कितीतरी बरं काढतो. हात सुधारलेला नसतो, नाव तेवढं बाजूला झालेलं असतं. खुर्ची काढतानाही मी पायांऐवजी पायांमधली रिकामी जागा काढायला सांगते, कारण त्या जागेला नाव नाही.

यावर प्रयोगही झालेत. १९३२ साली मानसशास्त्रज्ञांनी लोकांना काही संदिग्ध आकृत्या दाखवल्या. त्यातली एक म्हणजे दोन गोल आणि त्यांना जोडणारी एक रेघ. काहींना ती दाखवताना "चष्मा" म्हटलं, काहींना "डंबेल". नंतर आठवून काढायला सांगितल्यावर पुष्कळांची चित्रं ऐकलेल्या शब्दाकडे झुकली. डोळ्यांपुढे सगळ्यांच्या तीच आकृती आलेली होती. १९९० च्या एका अभ्यासात चोराची चित्रफीत बघितल्यावर काही जणांना त्याच्या चेहऱ्याचं शब्दांत वर्णन लिहायला लावलं. न लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना तो चेहरा नंतर ओळखायला जास्त जड गेला. वर्णन केल्याने पक्कं लक्षात राहील असं आपल्याला वाटतं, आणि घडतं ते असं.

दीपकळी, तुमचा तो खरखरता संदेश म्हणजे उलटं ठेवलेलं चित्र होतं, असं मला वाचताना वाटलं.

---

सहावा सूर

मला नावांची बाजू घ्यायची आहे, पानगळ यांच्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी.

तीन वर्षं मला अचानक धडधड व्हायची, हात गार पडायचे, आता आपण मरणार असं वाटायचं. हृदयाच्या तपासण्या ठीक येत होत्या. मग एका डॉक्टरांनी सांगितलं, याला पॅनिक अटॅक म्हणतात, पुष्कळांना येतो, याने माणूस मरत नाही. त्या नावाने मला झोप लागली. खरंच सांगतो, त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मी सलग झोपलो.

पुढे दोन वर्षांत तेच नाव माझ्या अंगावर वाढलं. "मला असं आहे" म्हणून प्रवास नको, "मला असं आहे" म्हणून गर्दी नको, नवी ओळख नको. ज्या नावाने सुटका केली होती त्याचीच खोली झाली आणि मी आत राहायला गेलो.

मला बाहेर काढलं ते विपश्यनेच्या एका पद्धतीने, आणि तिच्यात चक्क नावं द्यायची असतात! ब्रह्मदेशातल्या महासी सयाडो यांच्या परंपरेत पोट वर आलं की मनात "वर", खाली गेलं की "खाली", विचार आला की "विचार", भीती आली की "भीती" अशी नोंद करायची. हलकी, एका शब्दाची. मला आधी हे उफराटं वाटलं. मग लक्षात आलं, की ते नाव घडत असलेल्या गोष्टीला आहे, घडत असतानाच आहे, आणि ती सरली की नावही सरतं. माणसाला ते चिकटत नाही.

२००७ च्या एका मेंदूच्या अभ्यासात भावना दाखवणारे चेहरे लोकांना दाखवून त्या भावनेला शब्द द्यायला सांगितलं होतं. शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. माझ्या अनुभवाशी हे जुळतं.

आणि मराठीत हे किती सोपं करून ठेवलंय बघा. आपल्याला राग येतो, भीती वाटते, रडू येतं. आपण रागाचे कर्ते नसतो, तो आपल्याकडे येतो. "मला राग आला" आणि "मी रागीट आहे" ही दोन वाक्यं मी एके दिवशी वहीत एकाखाली एक लिहिली आणि बराच वेळ बघत बसलो. पहिल्यात राग पाहुणा आहे, दुसऱ्यात घराचा मालक. तेव्हापासून दुसऱ्यांबद्दल बोलतानाही मी पहिल्या प्रकारचं वाक्य वापरायचा प्रयत्न करतो. "तो रागीट आहे" ऐवजी "त्याला काल राग आला होता".

---

काठावर

सहावा सूर, हे वाक्याचं आजच करून बघतो. "बाबा हट्टी होते" याच्या खाली काय लिहायचं ते शोधतोय. "बाबांना काठी घ्यायला आवडायचं नाही." "बाबांना दवाखान्याची भीती वाटायची." हे दुसरं मला आज, हे लिहिताना सुचलं. ते असताना एकदाही सुचलं नव्हतं.

---

चांदणवेल

माझा एक प्रश्न आहे, बरेच दिवस मनात असलेला. मी सगुणाची उपासक आहे. माझ्या देवाला रूप आहे, नाव आहे, आणि त्या नावानेच मी आजवर उभी आहे. प्रतिमेच्या पलीकडे जायचं म्हणजे मी हेही सोडायचं का? खरं सांगायचं तर तेवढं माझ्याच्याने होणार नाही.

---

उत्तरायण

चांदणवेल, ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात सहावं प्रकरण शब्दखंडनाचं आहे. पण शब्दाचं खंडन करायच्या आधी ते शब्दाचं कौतुक करतात, तो अमूर्ताचा आरसा आहे म्हणतात. शब्द आपल्याला आठवण करून देतो, हे त्याचं काम ते पूर्ण मान्य करतात. पुढे म्हणणं एवढंच, की जे कधी विसरलंच गेलं नाही त्याची आठवण शब्द काय करून देणार.

त्यामुळे सोडायची घाई कशाला? टोमणेखोर ताईची प्रतिमा आणि तुमच्या देवाचं रूप यांत मला एक फरक दिसतो. पहिली बघणं थांबवते: "हिला मी ओळखून आहे." दुसरीपुढे बसल्यावर तुम्हाला "मी याला ओळखून आहे" असं वाटतं का? वाटत नसेल, अजून नवल वाटत असेल, तर ती प्रतिमा आड आलेली नाही.

---

चांदणवेल

नवल वाटतं. रोज.

---

दीपकळी

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. सहावा सूर यांच्यासारखी मीही वही घेतली. "ताई टोमणे मारते" याच्याखाली काय लिहावं कळेना, म्हणून शेवटी तिला जाऊन भेटले. चार दिवस राहिले.

पहिले दोन दिवस काही वेगळं घडलं नाही. तिने तीच वाक्यं टाकली, माझा जबडा तसाच आवळला. वाटलं, दीड वर्ष फुकट गेलं. तिसऱ्या दिवशी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. रेघोटी, तुमचं आठवलं, म्हणून मी तिच्या शब्दांकडे लक्षच दिलं नाही, हातांकडे बघत बसले. बोटं सुजलेली आहेत. घडी एका दमात होत नाही, मध्ये थांबावं लागतं तिला. मी ते हात बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"काय बघतेस?"

"ताई, तू मला फोनवर नेहमी एवढं तोडून का बोलतेस?" माझ्या तोंडून निघून गेलं. भांडायला म्हणून नाही, खरंच विचारलं.

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "तू कायम घाईत असतेस ना. दोन मिनिटांत ठेवतेस. म्हणून जे सांगायचं ते पटकन सांगून घेते मी. मग ते तसंच बाहेर पडतं."

तिच्या मनात मी "घाईतली" आहे. किती वर्षांपासून, ते विचारायचा धीर झाला नाही. आणि मी दोन मिनिटांत फोन ठेवते हे खरं आहे. टोमणा यायच्या आत ठेवायचा असतो मला.

परवा तिचा फोन आला. जबडा आवळला, ते कळलं. मी बसून घेतलं आणि काही बोलले नाही. ती नेहमीसारखं भराभर सांगून मोकळी झाली आणि मी फोन ठेवायची वाट बघत थांबली. मी ठेवला नाही.

"आहेस ना?" तिने विचारलं.

"आहे," म्हटलं.

मग ती बोलायला लागली.